उजवीकडचा लुकलुक्या

प्रतिभाचं आंतर्देशीय पत्र आलं तेव्हा मी धुळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर मोडका रेडिओ उघडून बसलो होतो. पत्रात प्रेमाचं एक अक्षर नव्हतं. आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी तशी आशा धरून वाचायला नको. तिनं लिहिलं होतं:

"नानांच्या ट्रकला धानोऱ्याच्या पुढे उंबरनाल्याच्या पुलावर दिवेलागणीला अपघात झाला. पंधरा दिवस झाले. नाना ठीक आहेत, पण गाडीच्या मालकाने, शेठने, त्यांना गाडीवरून उतरवलं, आणि मला हॉस्टेल सोडून यावलला घरी यावं लागलं. सगळे म्हणतात ते पिऊन होते. तिथे धोक्याचा लुकलुकता दिवा लावलेला आहे आणि तो चालू होता, तरी ह्यांनी पुलाच्या कठड्यात गाडी घातली. नाना एकच सांगतात की पुढच्या गाडीने मला साईड दिली. पण पुढे गाडीच नव्हती. कापसाची बैलगाडी होती. लोक दारावरून जाताना विचारतात, नाना, बैलानं शिंगानं साईड दिली का? निदान तुम्ही तरी हसू नका."

मी हसलो नाही. माझं डोकं फिरलं. नाना म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं केळीचे ट्रक चालवलेला माणूस. गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा एका वेळी अर्धाच पिणार. त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, प्रतिभाची ट्रंक हॉस्टेलवर पोचवायला आले होते तेव्हा. गेटावरच्या वॉचमनला त्यांनी केळ्यांची अख्खी फणी दिली आणि वर "साहेब" म्हणाले. हा माणूस पिऊन गाडी चालवेल?

आणि मी कोण? इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी बसलेला. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर "तुला घरातलं बटण दाबायचीही अक्कल नाही" म्हटलं, तेव्हा मी हातातली पक्कड खिडकीतून बाहेर भिरकावली. खिडकी बंद होती. पुढचं सांगायला नको. प्रतिभा त्याच आवारातल्या दुसऱ्या कॉलेजात होती. एस.टी. स्टँडवर तीनदा आणि लायब्ररीच्या पायरीवर एकदा, एवढंच आमचं बोलणं. त्या चार वेळांवर मी एक वर्ष काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शबनममध्ये टेस्टर, टॉर्च, मोजपट्टी आणि एक शर्ट टाकून मी निघालो. आईला सांगितलं, नोकरीचं बघायला चाललोय.

पहिला दिवस: धुळे ते चोपडा

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर धुळ्याहून अमळनेरची गाडी धरा, तिथून चोपड्याची. सकाळची गाडी पकडलीत तर खिडकी मिळते. दुपारची पकडलीत तर कोंबड्या, कापसाची बोचकी आणि एका आजोबांचे दोन्ही पाय तुमच्या मांडीवर येतात. हिवाळ्यात जा. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, तुरीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे आणि अंगावर शाल असूनही नको न वाटणारं ऊन. उन्हाळ्यात जाणाऱ्याला मी अडवणार नाही, पण त्यानं माझं नाव घेऊ नये.

मात्र त्या दिवशी मी कापूस पाहिला नाही. मी दिवे मोजत होतो.

आमच्याकडे नुकतेच ते दिवे आले होते. धोक्याच्या जागी एक खांब, वर पिवळ्या काचेची गोल पेटी, आत डोळे मिचकावणारा बल्ब. पेपरात फोटो आला होता: दिव्याशेजारी सहा माणसं उभी, सगळ्यांच्या गळ्यात हार, दिव्याच्याही गळ्यात हार. लोकांनी त्याला नाव दिलं लुकलुक्या. नाव किती गोड! आणि कारभार?

पहिला लुकलुक्या गावाबाहेरच्या वळणावर. बंद. बल्बच्या जागी चिमण्यांचं घरटं, त्यातून गवत लोंबतंय. दुसरा एका शाळेजवळ. तो चालू असेलही, पण त्याच्यासमोर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक असा ठोकलेला की पुढाऱ्याच्या हसऱ्या दातांमागून नुसती पिवळी झाक यायची. शाळेतली पोरं रस्ता ओलांडत होती आणि गाड्या पुढाऱ्याकडे बघत होत्या. तिसरा अमळनेरच्या अलीकडे. तो मात्र लखलख चालू होता. भर दुपारी बारा वाजता!

मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "हा दिवसा चालू आहे."

"रोज असतो."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी बंद होतो ना. विजेची बचत."

मी उठून उभाच राहिलो. दिवा आपोआप चालू-बंद करणाऱ्या घड्याळाच्या तारा उलट्या जोडल्या की असं होतं. पाच मिनिटांचं काम. मला बटण दाबायची अक्कल नाही म्हणणाऱ्या सरांचाच कुणी पट्टशिष्य तिथे येऊन गेला असणार. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, बसा. गाडी थांबायची आहे अजून." मी बसलो, पण हाताची मूठ सुटेना.

अमळनेरला स्टँडबाहेर पुरीभाजी खाल्ली, पाच रुपये, भाजी झणझणीत. पुढे तापीचा पूल आला तेव्हा गाडीतल्या सगळ्या बायाबापड्यांनी नदीत नाणी टाकली. पाणी निळं, काठावर टरबुजाच्या वाड्यांची आखणी चाललेली. इतकी सुंदर नदी आणि मी मनात अर्ज लिहीत होतो, कुणाला ते न ठरवता.

चोपड्यात स्टँडजवळच्या लॉजवर तीस रुपयांत खोली मिळाली. पंखा होता, हिवाळ्यात. जेवायला मात्र चोपडा चुकवू नका. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, त्यात मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे उडीद घालून दळलेल्या ज्वारीची. वाढणाऱ्या अक्कांनी विचारलं, "कोना घर जावानं शे?" म्हणजे कुणाकडे जायचंय.

"यावलला. एका ड्रायव्हरकडे. उंबरनाल्यावर ज्यांचा अपघात झाला..."

"हां, बैलनी साईड दिनी तो?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की भरिताचा डाव हातात हलायला लागला.

यावलपासून इतक्या लांब, चोपड्यात! बदनामीला ना स्टँड लागतं ना तिकीट. मी दुसरी भाकरी न घेता उठलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. भाकरीचं.

दुसरा दिवस: उंबरनाला

सकाळी यावलकडची गाडी पकडली, अडावद गेलं, धानोरा गेलं, आणि कंडक्टरला सांगून नाल्याजवळ उतरलो. इथून पुढे केळीच केळी. पानं इतकी दाट की आत कुणी बोलत असलं तर केळच बोलतंय असं वाटतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. फोटो काढण्यासारखी जागा आहे. कॅमेरा असता तर मी दिव्याचा काढला असता, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पूल म्हणजे एका ट्रकच्या रुंदीचा. दोन्ही बाजूंना दगडी कठडे. चोपड्याकडून जाताना उजव्या कठड्याचं टोक फुटलेलं, तिथे विटकरी धूळ आणि ट्रकच्या निळ्या रंगाचे ओरखडे. त्याच्या अलीकडे पाच-सहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, लुकलुक्या. त्याला साधा ओरखडाही नाही. भर दिवसा तोही चालूच होता. लुक. लुक. लुक.

मी मोजपट्टी लावली. खांब माझ्या खांद्याएवढा. धोक्याचा दिवा लांबून दिसावा म्हणून उंच असतो, हा एवढासा. आणि उजवीकडे! आपण गाडी चालवतो डावीकडून, आपल्याला सांगायची खूण डाव्या हाताला हवी, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. डावीकडे वळून पाहिलं, तिथे काहीच नाही. उजवीकडच्या शेतात विहिरीच्या पंपाचा खांब होता, त्यावरून वायर ओढलेली. म्हणजे जिथे वीज होती तिथे दिवा लावला. धोका कुठे आहे आणि ड्रायव्हर कुठून येणार, ते ज्याचं त्यानं बघावं.

राग आला, पण कोडं सुटलं नव्हतं. दिवा चुकीच्या बाजूला असला तरी दिवा तो दिवा. नानांना त्यात गाडी कशी दिसली?

मी धानोऱ्यापर्यंत चालत परत गेलो आणि ढाब्यावर शेवभाजी घेतली. खानदेशात आलात आणि ढाब्यावरची शेवभाजी खाल्ली नाहीत तर परत जा आणि खाऊन या. लाल तर्री, त्यात जाड तिखट शेव, नाकातून पाणी येईपर्यंत. तिथेच हिरामणभाऊ भेटले. चोपड्याचेच, केळी भरून बऱ्हाणपूरकडे निघालेले, पन्नाशीचे, मिशा ट्रकच्या बंपरसारख्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. मी यावलपर्यंत सोडता का म्हणून विचारलं.

"बस वर. पन मी गानं म्हनसू ते ऐकनं पडी."

"मला उंबरनाल्यावर दिवेलागणीलाच पोचायचंय."

"काय शे तठे? पोरगी?"

"पुढे आहे ती," मी म्हणून गेलो, आणि मग यावलपर्यंतच्या टिंगलीची सोय झाली.

ट्रकच्या केबिनमधून रस्ता निराळाच दिसतो. एस.टी.च्या खिडकीतून आपण बाजूला बघतो, इथे रस्ता पोटात शिरतो. सूर्य पाठीमागे मावळलेला, समोर पूर्वेला राखाडी. धुळीत धूर मिसळलेला, शेतात कुणीतरी पाला पेटवला होता. हिरामणभाऊ खरंच गात होते.

वाटेत आमच्या पुढे एक भरलेला ट्रक लागला. भाऊंनी हॉर्न दिला. पुढच्यानं उजवा पिवळा दिवा लुकलुकवला. भाऊंनी गाडी उजवीकडे घेऊन त्याला मागे टाकलं आणि हात दाखवला. मी विचारलं, "त्याला उजवीकडे वळायचं होतं ना? उजवा दिवा लावला होता."

"येडा! त्यानी साईड दिनी. म्हनजे पुढे रस्ता मोकळा शे, तू जाय. पुस्तकमा काय बी लिख्येल ऱ्हाओ, रस्तावर आमनी हाईच भाषा शे."

पुस्तकात उजवा दिवा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. रस्त्यावर उजवा दिवा म्हणजे ये, पुढे जा. मला त्या क्षणी काहीतरी कळायला हवं होतं. कळलं नाही. डोळ्यांनी बघावं लागलं.

उंबरनाल्याच्या अलीकडे समोर एक काळा ढीग हलत होता. कापसानं भरलेली बैलगाडी, पण बैल दिसत नव्हते, चाकं दिसत नव्हती. दिसत होता फक्त रस्ताभर रुंद, उंच, डुलणारा आकार, भरलेल्या ट्रकच्या पाठीसारखा. पूल त्याच्या आड पूर्ण गेलेला. आणि त्या आकाराच्या बरोब्बर उजव्या कडेला, ट्रकचा मागचा दिवा जिथे असतो त्याच उंचीवर, एक गोल पिवळा दिवा.

लुक. लुक. लुक.

हिरामणभाऊंचं गाणं चालूच होतं. हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे फिरवू लागला.

"भाऊ! पूल आहे!" मी असा ओरडलो की त्यांनी ब्रेकवर उभंच राहून गाडी थांबवली. केळीचे घड मागे एकावर एक घसरले. बैलगाडी आपल्या चालीनं पुलावरून निघून गेली आणि तिच्यामागून, पडदा सरकावा तसा, उजव्या हाताचा फुटका कठडा बाहेर आला. आमच्या बंपरपासून कठडा सात-आठ पावलांवर, दिवा दोन हातांवर.

भाऊंनी इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "आरे, त्यानी साईड दिनी ना मले."

तीस वर्षं ट्रक चालवलेल्या नानांनी पंधरा दिवस जे सांगितलं तेच वाक्य. फरक फक्त बोलीचा.

मी दार उघडून खाली उडी मारली. मला वाटतं त्या वेळी मी ओरडत होतो, कारण घसा दुसऱ्या दिवशी बसलेला होता. हार घालून उभ्या असलेल्या त्या सहा माणसांना, वायर वाचवणाऱ्याला, खांब कापणाऱ्याला, अक्कांच्या हसण्याला, सगळ्यांना मी शिव्या घालत होतो. आणि तो समोर डोळे मिचकावत होता. फुटलेल्या कठड्याचा एक दगड पायाशी होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि लुकलुक्यावर घातला. काच फुटली, बल्ब फुटला, तरी समाधान होईना, मग खांबाला लाथा घालून तो वाकवला.

आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

हिरामणभाऊ केबिनमधून बघत होते. मी वर चढलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तुन्हं डोकं ठिकानावर शे का?" मी म्हटलं, आता कुठे ठिकाणावर आलंय.

यावलला पोचेपर्यंत दिवे लागून गेले होते. प्रतिभानं दार उघडलं. मला बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आनंद होता की धसका, हे मी अजून ठरवलेलं नाही. नाना ओट्यावर बसले होते, कपाळावर टाक्यांची पट्टी. मी तिच्या शेजारच्या कॉलेजचा, म्हणून ओळख झाली.

"इलेक्ट्रिकचं शिकतो का?"

"शिकत होतो, नाना."

"बरं," ते म्हणाले. त्या 'होतो'चं त्यांनी काही विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. काळा आकार, उजवी कड, ट्रकच्या दिव्याची उंची, हिरामणभाऊंचा हात. नाना ऐकत होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आत बघून म्हणाले, "ऐकलं का व? साईड व्हती. मी म्हनत व्हतो ना, साईड व्हती! मले तं वाटाले लागलं व्हतं, डोकंच फिरलं आपलं." आतून प्रतिभाची आई नुसती "हो" म्हणाली, पण तो 'हो' रडका होता.

मग नाना ताठ बसले. "उद्या सांजच्याले शेठले घेऊन जाऊ. त्याच्याच गाडीत बसवू, पुढे कापसाची गाडी लावू. त्याच्या डोयानं बघू दे. तो बी आधी ड्रायव्हरच व्हता. काय रे भो?"

मी शबनमचा पट्टा बोटाला गुंडाळत बसलो.

"काय झालं?"

"नाना, दिवा... मी फोडला."

प्रतिभा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिनं माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. "तुम्हाला फोडायला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, पण तो..."

"तो तिथे असता तर उद्या सगळ्या गावाला दाखवला असता. नाना खरे आहेत हे सांगणारी एकच वस्तू होती त्या रस्त्यावर. ती तुम्ही फोडलीत. आणि वर सांगायला आलात!"

एवढा वेळ मी ज्यांच्यावर ओरडत होतो त्यांच्यातलं कुणीच समोर नव्हतं. समोर मीच होतो. नानांनी तिला हातानं थांबवलं आणि म्हणाले, "जेवाले वाढ त्याले. दिवसभर राग खाल्ला पोरानं, पोट भरत नाही त्यानं." केळफुलाची भाजी होती. चव विचारू नका, मला लागली नाही.

तिसरा दिवस: रस्त्याची कचेरी

सकाळी नाना मला घेऊन तालुक्याच्या रस्ते-कचेरीत गेले. वाटेत एवढंच बोलले, "मी बोलतो. तू आयक." कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही. सगळ्या सारख्याच असतात: बाहेर लिंबाचं झाड, आत टेबलावर काच, काचेखाली देव.

ओव्हरसियर साहेब सुपारी कातरत होते. मी आल्या आल्या विचारलं, "दिवा उजवीकडे का लावला?" नानांनी माझ्याकडे पाहिलं, पण तोवर शब्द सुटला होता.

"पंपाचा खांब उजवीकडे. डावीकडे न्यायचा तर रस्ता ओलांडून वायर न्यावी लागते. त्याला वेगळी मंजुरी."

"आणि एवढा बुटका?"

"खांब आला तेवढा आला."

"अहो, पण माणसं मरतील!"

"दिवा होता की नाही? होता. चालू होता की नाही? होता. मग आमचं काय चुकलं ते सांगा." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आता मला सांगा, तो फोडला कुणी? सकाळीच मुकादम सांगत आला. सरकारी वस्तू आहे. पोलिसात देणार मी."

मी तोंड उघडलं. नानांची वहाण माझ्या पायावर आली, सगळ्या वजनानिशी.

"माह्या गाडीनं फुटला, साहेब."

"तुमच्या? पण तेव्हा तर चालू होता म्हणतात."

"खिळखिळा झाला व्हता. आता पडला. कठडा बी मीच फोडला, दिवा बी मीच. लिहून घ्या."

साहेबांचा चेहरा उजळला. नुकसानीचा कागद पंधरा दिवसांत केलेलाच नव्हता, हे तेव्हा कळलं. आता कठडा आणि दिवा, दोन्ही एका ट्रकवर, एका कागदात. त्यांनी कार्बन घातला. नाना टेबलाशी वाकून, अगदी गरिबासारखं म्हणाले, "कुठी व्हता ते बी लिहा साहेब. नाही तं शेठ म्हनीन, कोनता दिवा?"

आणि साहेबांनी, स्वतःच्या हातानं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या उजव्या बाजूस, जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर बसविलेला धोक्याचा दिवा. खाली सही, सहीवर शिक्का. नानांनी आपली सही केली आणि कार्बनची प्रत मागून घेतली.

बाहेर लिंबाखाली आल्यावर मी म्हटलं, "नाना, हे खोटं आहे. दिवा मी फोडला."

"हो ना." त्यांनी कागदाची घडी टोपीत घातली. "पन उजवी बाजू खरी हाये. ती त्याच्या हातून लिहून पाह्यजे व्हती."

शेठ केळीच्या भरणीवर होते. घड मोजून गाडीत चढत होते, हमालांच्या खांद्यांवर चिकाचे काळे डाग. शेठनी कागद वाचला. परत वाचला. बोट एका ओळीवर ठेवून म्हणाले, "उजव्या बाजूस? साडेचार फूट? रस्त्याचा दिवा उजवीकडे कोन लावतं?"

नाना काही बोलले नाहीत. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, बोललो नाही.

शेठनी रस्त्याकडे पाहिलं. हात नकळत हवेतलं स्टिअरिंग धरल्यासारखे उचलले गेले. "पुढे कापसाची गाडी व्हती म्हनता?" ते पुटपुटले. उजवा हात जरासा फिरला आणि थांबला. "आयला. साईडच की."

मग भरणीवरच्या मुकादमाला ओरडून म्हणाले, "नानाले दुसऱ्या गाडीची चावी दे रे."

बस्स. एवढंच. पंधरा दिवस माळकरी माणसाला दारुडा म्हटलं, मुलीला हॉस्टेल सोडायला लावलं, आणि शेवटी चावी दे रे! माफी हा शब्द त्या भरणीवर कुणाला येत नव्हता. मी उसळणार होतो, पण नानांनी चावी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि मला कळलं की इथे माझा राग कुणाला नको आहे.

प्रतिभा स्टँडवर आली नाही. मी यावलहून भुसावळमार्गे न जाता आल्या वाटेनंच परतलो, मुद्दाम. पुलाजवळ गाडी हळू झाली. वाकलेला खांब तसाच होता.

परत धुळ्यात

पंधरवड्यानं दुसरं पत्र आलं. हेही आंतर्देशीय, यातही प्रेमाचं अक्षर नाही. तिनं लिहिलं होतं की पुलाजवळ नवा दिवा आलाय, डावीकडे, चांगला उंच. रस्ता ओलांडून वायर गेली आणि मंजुरीवाचून काही अडलं नाही. ढाब्यांवर हिरामणभाऊंनी गोष्ट अशी काही फिरवली की आता पुढची गाडी खोटी वाटली की ड्रायव्हर एकमेकांना म्हणतात, बघ बरं, नानाची साईड असेल. बैलाचं कुणी काढत नाही. ती पुढच्या सत्राला हॉस्टेलवर परत येते आहे. आणि शेवटी: "नाना विचारत होते, तो रागीट पोरगा पुन्हा कधी येणार. मी सांगितलं, येताना दगड घरी ठेवून येत असतील तर येऊ द्या."

मी ते पत्र किती वेळा वाचलं हे तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही त्या रस्त्यानं जाल तर धानोऱ्याला शेवभाजी खा आणि दिवेलागणीच्या आत नाला ओलांडा. डावीकडचा दिवा बघा. तो शहाणा आहे. पण वाटेतले बाकीचे बघा आणि चिडा. चिमण्या अजून तिथेच आहेत. दुपारी बाराचा अजून दुपारीच जळतो. मी तीन अर्ज केले, एकालाही उत्तर नाही.

आणि माझ्या टेबलावर पिवळ्या काचेचा एक तुकडा आहे. फोडल्यावर शबनममध्ये पडला असावा, घरी आल्यावर सापडला. त्या कचेरीच्या कपाटात एक कागद आहे, शिक्क्याचा, आणि त्यात लिहिलंय की हा दिवा नानांनी फोडला. तीस वर्षांत ज्यांनी कुणाच्या गाडीचा आरसासुद्धा फोडला नव्हता, त्यांनी.

नानांनी माझ्यासाठी सही केली, ती मला खपत नाही. प्रवासवर्णनाच्या निमित्तानं एवढंच लिहायचं होतं: उंबरनाल्याचा लुकलुक्या मी फोडला. धुळ्याला राहतो. पक्कडही मीच फेकली होती.